पारावरच्या गप्पा आणि बारा टक्क्यांचा घोळ

मुलांनो, तुमच्या गावात पार आहे का? आमच्या गावात आहे. जुन्या लिंबाखाली दगडानं बांधलेला. त्याच्यासमोर पत्र्याचं एक हॉटेल. हॉटेल म्हणजे चहाचं, बरं का! सकाळची एसटी येईपर्यंत ह्या पारावर जगातल्या सगळ्या प्रश्नांचा निकाल लागतो. पाऊस कधी येणार, पेट्रोल का महागलं, चंद्रावर यान पाठवून काय मिळालं, असा कुठलाच विषय तिथं वर्ज्य नाही. बोलणाऱ्याला त्या विषयातलं काही माहीत असलंच पाहिजे, असाही नियम नाही. नियम एकच, बोलताना अडखळायचं नाही!

मला ह्या गप्पा आवडतात, हे आधीच सांगून टाकतो. शाळेत जायच्या आधी अर्धा कप चहा आणि दहा मिनिटं पार, हे माझं ठरलेलं. पण कधीकधी तिथं सहज म्हणून फेकलेलं एखादं वाक्य कोणाच्या तरी घरात जाऊन पडतं, आणि तिथं ते सहज राहत नाही.

२०२५ च्या जून महिन्यातली गोष्ट. आमच्या सहावीतल्या एका मुलीचे वडील पारावर आले. त्यांची थोरली मुलगी त्या वर्षी दहावी पास झालेली. तिच्या मनात धाराशिवला तंत्रनिकेतनात जाऊन संगणकाची पदविका घ्यायची होती. घरात अकरा पोती सोयाबीन होतं. भाव येईल म्हणून दिवाळीपासून ठेवलेलं. आता पेरणी तोंडावर आलेली, बियाणं-खत घ्यायचं, वर मुलीची फी, राहण्याखाण्याचा खर्च. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि सगळ्यांसमोरच विचारलं, "सोयाबीन इकावं का ठिवावं? आन पोरीला कॉम्प्युटरला घालावं का नगं?"

झालं! पारावर प्रश्न टाकायचा अवकाश.

"कॉम्प्युटर? आरं, त्या कॉम्प्युटरनंच तर नोकऱ्या खाल्ल्या की!" एक म्हातारे बाबा म्हणाले.

"आन आता तर प्रोग्रॅमबी मशीनच लिहायलंय. शिकून काय उपेग?" हातातल्या मोबाइलवरची नजर न काढता एक तरुण बोलला.

"भाव तिकडं कॉम्प्युटरवर ठरतोय. सट्टेवाले पाडतेत. ठिव तू आनखी, पुन्ना धा हजार होतंय बग!" हे तिसरे.

कोपऱ्यातून कोणीतरी पुटपुटलं, "पोरीच्या जातीला कशाला एवढं..."

एसटी आली. सगळे उठले. तिघांची-चौघांची मतं तिथंच राहिली, पण मुलीचे वडील ती बरोबर घेऊन निघाले. जाता जाता मला म्हणाले, "गुरुजी, तुमीच सांगा आता."

मी म्हणालो, "चार दिवस द्या."

चार दिवस कशाला, असं तुम्हाला वाटेल. त्याचं कारण सांगतो, थोडी लाज वाटते तरी सांगतो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये लातूरच्या बाजारात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलं होतं. आमच्या भागात ते दिवस कोणी विसरलेलं नाही. त्या वेळी ह्याच पारावर बसून मी एका शेजाऱ्यांना म्हणालो होतो, "थांबा हो, अजून वाढतंय!" त्यांच्याकडे जुनी चार पोती शिल्लक होती. ते थांबले. नवा माल बाजारात आला आणि ऑक्टोबरपर्यंत भाव जवळजवळ निम्म्यावर उतरला. त्यांनी मला एका शब्दानं दोष दिला नाही. पण तेव्हापासून पारावर भावाबद्दल बोलताना माझी जीभ अडखळते.

तर मुलांनो, पहिलं वाक्य घेऊ. 'कॉम्प्युटरनं नोकऱ्या खाल्ल्या.' आपण शाळेत गणित सोडवताना काय करतो? काय दिलंय, काय काढायचंय ते आधी लिहितो. इथं लिहायला बसलो तर पहिल्याच ओळीत अडतो. किती नोकऱ्या? कोणाच्या? कधी?

ही भीती आजची नाही. तुमच्या आजोबांच्या तरुणपणी, १९६० च्या दशकात, आयुर्विमा महामंडळानं मुंबई आणि कलकत्ता इथल्या कचेऱ्यांसाठी संगणक आणायचं ठरवलं. तेव्हाचा संगणक म्हणजे खोलीभर पसरलेलं धूड! कर्मचाऱ्यांनी कडाडून विरोध केला. कलकत्त्यात तर यंत्र आत येऊ नये म्हणून इमारतीवर पहारे बसले. ते लोक अडाणी नव्हते. हजारो कारकून हातानं विम्याच्या हप्त्यांचे हिशेब लिहीत होते. ते काम यंत्रानं केलं तर आपण काय करायचं, असा त्यांचा साधा सवाल होता.

वाद इतका वाढला की १९६९ साली सरकारनं त्यावर समिती नेमली. अध्यक्ष कोण, माहीत आहे? आपल्या साताऱ्यात जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर. पुण्याच्या गोखले संस्थेचे ते संचालक होते. देशातल्या गरिबीचा नीलकंठ रथ यांच्याबरोबर त्यांनी केलेला अभ्यास खूप गाजला. म्हणजे बघा, ज्या माणसाला देशातला गरीब माणूस दिवसाला किती खर्च करतो ह्याची काळजी, त्याच्याकडेच संगणकाचा प्रश्न आला. समितीचा अहवाल १९७२ मध्ये आला. त्याचा रोख असा होता, की संगणकाला सरसकट हो म्हणू नये आणि सरसकट नाहीही म्हणू नये. कुठं, कशासाठी हवा ते पाहून ठरवावं. पारावर असं कोणी बोललं असतं तर लोकांनी त्याला उठवून लावलं असतं! 'हो का नाही ते सांग,' म्हणाले असते.

पुढं काय झालं? १९८० च्या दशकात रेल्वेचं आरक्षण संगणकावर आलं. त्याआधी प्रत्येक गाडीची, प्रत्येक दिवसाची वेगळी वही असायची आणि तिकिटासाठी त्या-त्या वहीच्या खिडकीसमोर रांग. बँकांतले जाडजूड खतावणीचे बाड गेले. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली, तेव्हा सुमारे एक लाख कर्मचारी नोकरी सोडून घरी गेले. हा आकडा लहान नाही. गोदरेजनं १९५५ मध्ये टाइपरायटर बनवायला सुरुवात केली होती. २०१० च्या आसपास तेही बनायचे थांबले. तहसील कचेरीसमोर झाडाखाली बसून अर्ज टंकून देणारे टंकलेखक मी लहानपणी पाहिलेत. खटखट, खटखट, टिंग! आता ते नाहीत.

म्हणजे म्हातारे बाबा खोटं बोलत नव्हते. त्यांचं अर्धं खरं होतं.

उरलेलं अर्धं असं. १९६८ साली मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस नावाची कंपनी सुरू झाली. सुरुवातीला तिचं काम होतं टाटांच्याच इतर कंपन्यांचे हिशेब यंत्रावर करून देण्याचं. त्या वेळी माहिती पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडून यंत्राला द्यावी लागे. फकीरचंद कोहली यांनी ती कंपनी वाढवली. २०२५ साली तिथं सुमारे सहा लाख माणसं काम करत होती. सहा लाख! आमच्या अख्ख्या धाराशिव जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेसोळा लाख होती, त्यावरून अंदाज करा. आणि त्याच कंपनीनं २०२५ च्या जुलैमध्ये सुमारे बारा हजार जागा कमी करणार असंही जाहीर केलं. दोन्ही बातम्या खऱ्या. पारावर मात्र ज्याला जी हवी तीच तो सांगतो.

पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न 'कोणाच्या?' हा. बँकेतून घरी गेलेला पन्नाशीचा माणूस काही पुण्याला जाऊन प्रोग्रॅम लिहायला लागला नाही. ज्याची नोकरी गेली तो एक, आणि ज्याला नवी मिळाली तो दुसराच. आमच्या स्टँडवर पिवळ्या पाटीचा एसटीडीचा बूथ होता. त्या काचेच्या खोलीत उभं राहून लोक मुंबईला फोन लावायचे आणि वर फिरणाऱ्या आकड्यांकडे बघत भराभरा बोलायचे. टेलिफोनच्या नव्या तंत्रानंच तो बूथ गावात आणला आणि मोबाइलच्या तंत्रानं तो पुसून टाकला. पंधरा-वीस वर्षांत दोन्ही झालं. बूथवाल्यांनी पुढं झेरॉक्सचं मशीन टाकलं. सगळ्यांना ते जमतंच असं नाही.

माझ्या वयाच्या मुलांनी काय केलं? आम्ही एमएस-सीआयटी केलं! २००१ नंतर तो अभ्यासक्रम गावोगाव पोहोचला. मी तालुक्याला जायचो. दोन तासांच्या वर्गात दीड तास भारनियमन. बंद पडद्यासमोर बसून आम्ही 'माउस' हातात धरायचा सराव करत असू. असो.

आता सोयाबीन. हे वाक्य जास्त नाजूक, कारण त्यात घरातला पैसा अडकलेला.

'भाव सट्टेवाले पाडतात.' सट्टा म्हणजे पारावरच्या भाषेत वायदेबाजार. त्याचं काम असं: आज जून आहे, पण ऑक्टोबरमध्ये द्यायच्या सोयाबीनचा भाव आजच ठरवून सौदा करायचा. हे सौदे संगणकावर होतात, माल प्रत्यक्ष बघावाही लागत नाही. त्यामुळे आपल्याला वाटतं, कोणीतरी मुंबईत बसून बटण दाबतो आणि आपला भाव पडतो.

हे मत तपासायची एक संधी आपोआपच मिळाली. २० डिसेंबर २०२१ ला सेबीनं सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे बंद केले. सेबी म्हणजे अशा बाजारांवर देखरेख ठेवणारी संस्था. ही बंदी पुढे पुन्हापुन्हा वाढवली गेली. आता जर भाव फक्त सट्टेवालेच पाडत असतील, तर सट्टा बंद झाल्यावर तो पडायला नको. बघू या. २०२२ च्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला सोयाबीन सात हजारांच्या वर गेलं. त्या वेळी युक्रेनचं युद्ध सुरू होऊन जगभर खाद्यतेल महागलं होतं. २०२३ संपताना ते पाच हजारांच्या खाली आलं. २०२४ च्या हंगामात सरकारचा हमीभाव होता ४८९२ रुपये, आणि बाजारात मिळत होता त्याहून कमी. वायदे बंदच, तरी भाव चढलासुद्धा आणि पडलासुद्धा! सट्ट्याचा कधी काहीच परिणाम होत नाही असं मी म्हणत नाही. पण 'सगळं तेच करतेत' हे काही ह्या आकड्यांपुढं टिकत नाही.

मग कोण करतं? मी वर्गात एक प्रश्न विचारला, "आपण सोयाबीन खातो का?" मुलं म्हणाली, "नाही, तेल खातो." बरोबर. एक क्विंटल सोयाबीन गाळलं तर साधारण १८ किलो तेल निघतं आणि ८० किलोच्या आसपास पेंड उरते. ती पेंड खातात कोंबड्या. म्हणजे तुमच्या अण्णांच्या पोत्याचे गिऱ्हाईक दोन. एक तुमच्या आईची कढई आणि दुसरी पोल्ट्रीतली कोंबडी!

कढईचं पाहा. आपला देश लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त तेल बाहेरून आणतो. पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून, सोयातेल बरंचसं अर्जेंटिना-ब्राझीलमधून. त्यावर सरकार आयातशुल्क लावतं. कच्च्या तेलावरचं हे मूळ शुल्क २०२४ च्या सप्टेंबरमध्ये शून्यावरून २० टक्के केलं आणि ३० मे २०२५ ला ते १० टक्क्यांवर आणलं. शुल्क वाढलं की बाहेरचं तेल महाग आणि आपल्या सोयाबीनला थोडा टेकू. शुल्क उतरलं की शहरातल्या आईचा डबा स्वस्त, पण आपला टेकू गेला. एकाच देशात दोन घरं, एकाच निर्णयानं एक हसतं, एक रडतं.

कोंबडीचं तर आणखी मजेशीर. २०२१ मध्ये पेंड महागली म्हणून पोल्ट्रीवाले ओरडू लागले, तेव्हा सरकारनं ऑगस्टमध्ये बारा लाख टन पेंड बाहेरून आणायला परवानगी दिली. दहा हजारांचा भाव उतरायला नव्या पिकाबरोबर तेही एक कारण होतं. आणि अलीकडे मक्यापासून इथेनॉल बनवतात ना, पेट्रोलमध्ये मिसळायचं, त्यातून उरलेला चोथा खाद्य म्हणून स्वस्तात मिळू लागला. कोंबड्यांना तोही चालतो. त्यामुळं सोयापेंडीला गिऱ्हाईक कमी. आता सांगा, पारावर बसून भाव ओळखायचा तर ब्राझीलचा पाऊस, दिल्लीचं शुल्क, युक्रेनची लढाई आणि कोंबडीची भूक, एवढं सगळं जमेला धरायला हवं! ब्राझीलचं सोयाबीनचं पीक पंधरा कोटी टनांच्या वर असतं. आपल्या देशाचं सव्वा कोटीच्या आसपास.

'पुन्ना धा हजार होतंय' म्हणणाऱ्याला हे माहीत नव्हतं का? थोडंफार होतं की. पण त्यांच्या घरात अकरा पोती पडून नव्हती.

राहिलं तरुणाचं वाक्य. 'प्रोग्रॅमबी मशीनच लिहायलंय.' ह्याचं उत्तर मी द्यायच्या ऐवजी सहावीच्या वर्गानंच दिलं.

प्रोग्रॅम म्हणजे यंत्राला दिलेल्या सूचना, क्रमानं आणि काही न गाळता. आमच्या शाळेत तेवढे संगणक नाहीत. म्हणून आम्ही एका मुलाच्या डोक्यावर पुठ्ठ्याचा खोका घातला, डोळ्यांपुरती भोकं पाडली आणि त्याला मशीन केलं. अट अशी, की मशीननं फक्त फळ्यावर लिहिलेलं करायचं. स्वतःची अक्कल चालवायची नाही. (तो म्हणाला, "गुरुजी, हे सोपंय!")

विषय घेतला घरचाच. सरकारी केंद्रावर हमीभावानं सोयाबीन द्यायचं, तर त्यातला ओलावा १२ टक्क्यांपर्यंतच चालतो. मुलांनी फळ्यावर दोन ओळी लिहिल्या:

जर ओलावा १२ पेक्षा कमी असेल, तर 'घ्या' म्हण.
जर ओलावा १२ पेक्षा जास्त असेल, तर 'वाळवून आणा' म्हण.

मग एकेक जण चिठ्ठीवर आकडा लिहून मशीनला देऊ लागला. ९. मशीन म्हणालं, "घ्या." १७. "वाळवून आणा." १०, २०, ११, सगळं फक्कड चाललं. टाळ्या! तेवढ्यात ती मुलगी उठली, तीच, जिच्या घरी अकरा पोती होती. तिनं चिठ्ठी दिली. मशीन गप्प. मुलं ओरडली, "आरं बोल की!" खोक्यातून आवाज आला, "मला सांगितलंच न्हाई."

चिठ्ठीवर आकडा होता, १२.

कमीही नाही आणि जास्तही नाही! फळ्यावरच्या दोन ओळींच्या मधे एक फट होती, आणि ती आमच्यापैकी कोणालाच दिसली नव्हती. मलासुद्धा नाही. मग पहिली ओळ बदलली: '१२ किंवा त्यापेक्षा कमी असेल, तर.'

पुढची गंमत ऐका. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये शेतकऱ्यांच्या तक्रारींमुळे केंद्र सरकारनं त्या हंगामापुरती ही मर्यादा १२ वरून १५ टक्के केली होती. मी म्हणालो, "नियम बदलला. मशीनला नवा नियम सांगा." एक मुलगा पळत गेला, पहिल्या ओळीतल्या १२ चे त्यानं १५ केले आणि ऐटीत जागेवर येऊन बसला. चिठ्ठी आली १३ ची. मशीन म्हणालं, "घ्या." आणि लगेच म्हणालं, "वाळवून आणा." वर्गात हसून हसून पुरेवाट!

काय झालं होतं, तुम्हीच शोधा बरं. पुढं वाचायच्या आधी शोधा.

दुसऱ्या ओळीतले १२ तसेच राहिले होते. १३ हा १५ पेक्षा कमी, म्हणून 'घ्या'. आणि तोच १३ हा १२ पेक्षा जास्त, म्हणून 'वाळवून आणा'. बिचाऱ्या मशीननं दोन्ही हुकूम पाळले. शेवटी त्या मुलीनंच दुसरी ओळ पुसून टाकली आणि लिहिलं, 'नाहीतर वाळवून आणा म्हण.' आता आकडा एकाच जागी. नियम पुन्हा बदलला तरी एकाच ठिकाणी बदलायचा. मोठमोठ्या कंपन्यांत पगार घेऊन माणसं हेच शिकतात, हो! ह्या मुलीला ते खडूनं समजलं.

मग मी माझा मोबाइल काढला. त्यातल्या कृत्रिम बुद्धीच्या मदतनिसाला मराठीतच बोलून सांगितलं, "सोयाबीनचा ओलावा आणि वजन दिलं की कापून किती वजन धरायचं, ते सांगणारा प्रोग्रॅम लिही." डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच लिहून तयार. आमच्यासारखा १२ चा घोळही त्यात नव्हता. '१२ किंवा कमी' असंच होतं. मुलं थक्क. मलाही खरं तर थोडं ओशाळल्यासारखं झालं.

त्या मुलीनं मात्र प्रोग्रॅम मला वाचून दाखवायला सांगितला. त्यात होतं, १२ च्या वर प्रत्येक टक्क्याला वजनातून एक टक्का कमी करायचा. ती म्हणाली, "गुरुजी, एक टक्का कोणी सांगितला त्याला?"

कोणीच नाही. मी सांगितला नव्हता आणि त्यानं विचारला नव्हता. आपल्या मनानं धरून टाकला होता. अगदी न अडखळता!

"आमच्या अण्णांचं तर यापेक्षा जास्त कापलं होतं," ती म्हणाली आणि खाली बसली.

चार दिवसांनी तिचे वडील आले. पारावर नाही, शाळेत. मी त्यांना वरचं सगळं सांगितलं, आकडे कागदावर लिहून दिले. म्हणालो, नोकरीची हमी मी देणार नाही. साध्या प्रोग्रॅमचं काम यंत्र करू लागलंय, हे त्या पोराचं खरं आहे, आणि सुरुवातीच्या नोकऱ्यांवर त्याचा ताण येऊ शकतो. पण 'एक टक्का कोणी सांगितला' असं विचारणारा माणूस लागणार, आणि तसा माणूस व्हायला प्रोग्रॅम वाचता यायला हवा. सोयाबीनचं म्हणालात, तर भाव वाढेलच असं सांगायला माझी जीभ धजत नाही. मुलीची फी मात्र ठरल्या तारखेला भरावी लागेल, ती भावासाठी थांबणार नाही.

ते जरा वेळ कागद बघत बसले. मग हळूच म्हणाले, "आन ते... पोरीच्या जातीला जमंल का, म्हणत्यात."

ह्याला मात्र मी चार दिवस घेतले नाहीत! १९४६ मध्ये अमेरिकेत एनिॲक नावाचा प्रचंड संगणक लोकांपुढे आला. त्याला कामं नेमून देणाऱ्या, म्हणजे जगातल्या अगदी पहिल्यावहिल्या प्रोग्रॅमरांपैकी सहाच्या सहा जणी बायका होत्या. शिकवायला पुस्तक नाही, मास्तर नाही. यंत्राचे नकाशे वाचून, तारा इकडच्या तिकडं खोवून त्या शिकल्या. आणि खेड्याचं म्हणाल, तर विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. अमेरिकेनं हवा तसा महासंगणक द्यायला नकार दिला, तेव्हा पुण्यात १९८८ साली सी-डॅक संस्था सुरू झाली. भटकरांच्या नेतृत्वाखाली तिथं १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. 'आपल्याला कुठलं जमतंय,' असं तेव्हाही पुष्कळ जण म्हणत असणारच. पार काय फक्त गावातच असतात?

वडील उठले. काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी कळलं, सहा पोती विकली आणि पाच ठेवली. भाव हमीभावापेक्षा कमीच मिळाला. फी भरली गेली.

दिवाळीच्या सुट्टीत थोरली घरी आली होती. धाकटीनं मला ओढतच घरी नेलं. थोरलीनं वहीत एक प्रोग्रॅम लिहून आणला होता. ओलावा, वजन, कापणी, हमाली, भाडं, सगळं वजा करून हातात किती पडणार ते सांगणारा. कापणीचा आकडा तिनं स्वतः ठरवला नव्हता. प्रोग्रॅम तो आधी विचारत होता. मोबाइलवर चालवून दाखवला. अंगणात नव्या सोयाबीनचा ढीग होता, त्यातले आकडे घातले. वडील शेजारी उकिडवे बसून बघत होते.

"बरं हाय," ते म्हणाले. "आन पुढच्या म्हैन्यात भाव काय व्हणार, ते सांगतंय का ह्ये?"

"न्हाई अण्णा. ते न्हाई सांगता येत."

अण्णांनी ढिगातलं मूठभर सोयाबीन उचललं, एक दाणा दाताखाली धरून कटकन फोडला, ओल पाहिली.

"मग आनखी शिक," ते म्हणाले आणि ताडपत्री आणायला उठले.